कोणाला काय सांगितलं

सोमवार, ४ मार्च

आजपासून ही वही. खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली असावी लागते म्हणतात, माझी तेवढी नाही. तेव्हा कोणाला काय सांगितलं ते लिहून ठेवलेलं बरं.

आजवरची नोंद अशी. ऑफिसात: पदवी पूर्ण, प्रमाणपत्र यायचं बाकी. (अर्जात तसंच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.) दादाला: तेच. वहिनीला: खरं. म्हणजे दुसऱ्या वर्षी गणितात नापास, पुढे कॉलेज सुटलं ते सुटलंच. वहिनीला मी आपण होऊन सांगितलं नाही. धुणं भिजवताना माझ्या पँटच्या खिशात तिला निकालपत्र सापडलं. "भाऊजी, हे काही धुऊन निघणार नाही," एवढंच म्हणाली आणि ते वाळत घातलं.

आज नवं काम मिळालं. आमची कंपनी म्हणजे जिन्याच्या टोकाला चार खोल्या. तिथं एकच वस्तू बनते, लिहिलेला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचं तयार काम, त्याला लायब्ररी म्हणतात. कंपनीचे म्हातारे मालक, ज्यांना ऑफिसात सगळे काका म्हणतात, त्यांनी ती वीस वर्षं खपून एकट्यानं लिहिली, सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. त्यामुळे ज्याला सी येतं त्यालाच ती वापरता येते. आता अंध माणसांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला ती हवी आहे, पण त्यांचा सगळा कारभार पायथन या दुसऱ्या भाषेत. मग मध्ये दुभाषी हवा. पायथननं मारलेली हाक सीकडे पोचवायची, सीचं उत्तर परत आणायचं. तो दुभाषी मी लिहायचा आहे.

मला मुळात घेतलं होतं लायब्ररीतल्या शब्दकोशाचं शुद्धलेखन तपासायला. म्हणून ऑफिसात माझं नावच 'शुद्धलेखन'. पण मी घरी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकलो, हे मॅडमना ठाऊक होतं, आणि आधीचे दोन प्रोग्रॅमर वर्षाच्या आत सोडून गेले. मॅडम म्हणजे काकांची मुलगी. कंपनी त्याच चालवतात.

त्यांनी ऑफिसची वेगळी वही दिली आणि एक विचित्र नियम घातला. "काकांना रोज एक तरी प्रश्न विचारायचा. उत्तर शब्दशः लिहायचं, तारीख आणि वेळ घालून. त्यांनी तुम्हाला काही विचारलं तर तेही. संध्याकाळी वही मला दाखवायची." म्हणजे मला काय काय येत नाही याचा पुरावा त्या माझ्याकडूनच लिहून घेणार.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठपर्यंत शिकलास रे तू?"

"पदवी झाली, काका."

"वा. कुठल्या कॉलेजातून?"

सांगितलं.

"वा," म्हणाले.

घरी आलो तर वहिनीनं कॉलेजची सूचना पुढे केली. जुना अभ्यासक्रम बंद होतोय. ज्यांचे पेपर राहिलेत त्यांना ही शेवटची संधी. माझा एकच पेपर, गणिताचा. मंगळवार १९ मार्च, सकाळी अकरा. तो दिला आणि सुटला तर तिसऱ्या वर्षाला बसता येईल. नाही दिला तर दोन्ही वर्षं पाण्यात, पहिलीच्या पोरासारखं पुन्हा पहिल्यापासून. फॉर्म वहिनीनं परस्पर भरून टाकला होता. माझी सहीसुद्धा तिनंच केली होती, माझ्यापेक्षा चांगली.

रजा कशी मागायची? पदवीवाल्याला पेपर कसला? १९ तारखेला पोट दुखायला हवं. नोंद करून ठेवतो.

मंगळवार, ५ मार्च

पहिली हाक पोचली! पायथनमधून "एक दोन तीन" पाठवलं आणि स्पीकरमधून लायब्ररी म्हणाली, "एक दोन तीन." काकांच्या टेबलाकडे धावलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "'तीन' जरा ओढलाय," म्हणाले.

दुपारी मॅडम फोनवर बोलत होत्या, दार उघडं होतं. "नाही गं, हा टिकेल. हा कुठे जाणार?" माझ्याचबद्दल असावं. माझ्या चिकाटीवर कोणाचा तरी विश्वास आहे, बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च

काकांनी आज पुन्हा विचारलं. जिन्यात, सहज विचारावं तसं. "कुठपर्यंत शिकलास रे तू?"

मला घाम फुटला. वकील असंच करतात. दोन दिवस जाऊ देतात, मग तोच प्रश्न फिरवून टाकतात आणि साक्षीदार फुटतो का बघतात. मी शब्द न शब्द सोमवारचाच दिला. घरी येऊन वहीशी ताडून पाहिला. जुळतो.

ऑफिसच्या वहीतली नोंद: "१०.२० – मी: ध्वनीचा तुकडा तयार झाला की लायब्ररी कोणाला कळवते? काका: ते सगळं आत लिहिलंय, वाच. १०.५० – काका माझ्या टेबलापाशी येऊन: तू मला काही विचारणार होतास का? मी: विचारलं, काका. काका: हं." किती कुत्सितपणा. एवढा मोठा माणूस, नवख्याला असं का खेळवतो?

मॅडमनी संध्याकाळी वही वाचली. १०.५०च्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली आणि वही मिटली. त्या गेल्यावर मी ती ओळ तीनदा तपासली. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

शुक्रवार, ८ मार्च

आज काय झालं ते क्रमानं लिहितो.

मागच्या खोलीत आवाज रेकॉर्ड करायची कोठडी आहे. लाकडी, आतून जाड गादीचं अस्तर, बाहेरून कडी. आत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही आणि बाहेरचं आत. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं गणित करतो, कोणी बघत नाही म्हणून. आज दीड वाजता काका आले. मी पुस्तक मांडीखाली सारलं. ते म्हणाले, "बस, बस. तुला ऐकवतो, वाक्य संपताना लायब्ररी श्वास कसा सोडते ते. बाहेरून लावतो, कानाला लाव ते." मी हेडफोन लावले. त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि गेले.

हेडफोनमध्ये काही आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन बाहेरच्या ताटलीत ठेवावा लागतो, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. दार ठोकलं, पण गादीवर बुक्क्या मारून काय होणार. हाक मारली, ती माझ्याच तोंडाशी विरली. काचेतून समोरची खुर्ची दिसत होती, रिकामी. मग मी गणितं सोडवायला घेतली. एकही सुटलं नाही. हवा जड व्हायला लागली तसा मी जमिनीवर बसलो आणि दाराच्या फटीला नाक लावलं.

चार वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी दार उघडलं. जेवणानंतर मी जागेवर दिसलो नाही म्हणून शोधत आल्या होत्या. कडीला हात लावला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला होता. मागून काका आले, तोंडात सुपारी. मला बघून म्हणाले, "अरे! तू कधी आलास?"

हा माणूस मला ओळखून आहे. पुस्तक त्यानं पाहिलं, सगळं कळलं आणि ही शिक्षा दिली. वर साळसूदपणे विचारतोय, तू कधी आलास!

मॅडम "माफ करा" म्हणाल्या. दोनदा. मग म्हणाल्या, "हे कोणाला सांगणार नाही ना तुम्ही?"

सांगणार नाही, म्हटलं. एकमेकांना न सांगण्यात आमचं ऑफिस पटाईत आहे.

शनिवार, ९ मार्च

सुतार येऊन कोठडीची कडीच काढून गेला. दाराला आता नुसतं भोक.

दादाला एवढंच सांगितलं, की कोठडीत अडकलो होतो. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांत त्याचा जन्म गेलाय. "अडकला की माणूस आधी सगळी बटणं दाबतो," तो म्हणाला, "मग शिव्या घालतो, मग देवाचं नाव घेतो. मी वरून ओरडतो, बाबांनो, काही करू नका, शांत उभे राहा! पण ऐकेल तर शपथ."

"आणि शांत उभा राहिलेला सुटतो?" वहिनीनं विचारलं, पण बघत होती माझ्याकडे.

"मी असलो तर सुटतो," दादा म्हणाला.

सोमवार, ११ मार्च

दुभाषी मरतो. दुसरा शब्द नाही.

एक वाक्य दिलं तर छान वाचतो, दहा दिली तरी वाचतो. अकराव्याला अख्खा प्रोग्रॅम जागच्या जागी बंद. कधी अकराव्याला, कधी चाळिसाव्याला. तक्रार नाही, कुठली ओळ चुकली ते सांगणं नाही. मेलेल्याला विचारणार काय? सकाळपासून एकशे सहा वेळा चालवला, प्रत्येक वेळी कुठल्या वाक्याला मेला ते लिहिलं. त्यात काही क्रम असेल तर तो मला दिसत नाही.

काकांना विचारलं. "कालच तर सांगितलं तुला," म्हणाले. काल रविवार होता. हे मी वहीत लिहिलं आणि वर्गात चहाडी केल्यासारखं वाटलं, पण शब्दशः लिहायचा नियम आहे.

जाताना काकांनी विचारलं, कुठपर्यंत शिकलास. चौथ्यांदा.

मंगळवार, १२ मार्च

मॅडमनी बोलावलं. "त्या कंपनीचा इंजिनिअर येतोय. मंगळवारी, एकोणीसला. सव्वादहापासून तास-दीड तास. पसंत पडलं तर त्यांच्या प्रत्येक उपकरणात आपली लायब्ररी जाईल. नाही पडलं तर..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली, रिकामी दोन टेबलं, भिंतीवरचं घड्याळ. "मंगळवारी तुमची काही अडचण नाही ना?"

माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या असं वाटलं.

"काही नाही, मॅडम."

कोणाला काय सांगितलं: मॅडमना, मंगळवारी अडचण नाही.

बुधवार, १३ मार्च

"सांगून टाका ना," वहिनी म्हणाली. भाजी निवडत होती. "फार तर काय, काढून टाकतील."

"काढून टाकतील म्हणजे काय थोडं झालं? दादाला काय सांगू?"

"त्यांना मी सांगेन."

"नको!"

दादा प्रत्येक लिफ्टमध्ये सांगत फिरतो. आमचा धाकटा पदवीधर आहे, कॉम्प्युटरला बोलायला शिकवतो. परवा एका बाईंना दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या असताना सांगितलं. त्या बिचाऱ्या ऐकणार नाहीत तर जातील कुठे? ही पदवी मी अर्जात एकदा लिहिली, दादानं ती शंभर लोकांत वाटली. आता ती माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर पेपर जातो. तिसरं बटण दिसत नाही. आणि दुभाषी अजून मरतोच आहे. आज सतराव्या वाक्याला.

गुरुवार, १४ मार्च

आजचा दिवस जपून लिहायला हवा.

सकाळी काका लवकर आले. दाढी केलेली, डोळे स्वच्छ. माझ्या मागे उभे राहून त्यांनी पडदा वाचला. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "तुकडा तयार झाला की सीनं पायथनला कळवायचं. कुठे कळवायचं त्याचा पत्ता तू सीला देतोस. बरोबर?"

"हो, काका."

"पत्ता दिलास. पण त्या पत्त्यावर अजून कोणी राहतंय का?"

मला कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली. "सीमध्ये आपण ठेवलेली वस्तू आपण उचलेपर्यंत तिथंच असते. पायथनचं तसं नाही. त्यात एक झाडूवाला फिरत असतो. ज्या वस्तूला कोणी धरून ठेवलेलं नाही ती त्याला कचरा वाटते, उचलून नेतो. तू कळवण्याची जागा बनवलीस, तिचा पत्ता सीला दिलास आणि स्वतः सोडून दिलीस. पायथनच्या लेखी तिला कोणी वाली नाही. झाडूवाला कधी अकराव्या वाक्याला येतो, कधी चाळिसाव्याला. त्यानं घर पाडलं, सी दार वाजवायला गेली, खड्ड्यात पडली."

"मग?"

"मग काय, धरून ठेव. एक ओळ."

एक ओळ लिहिली. त्या वस्तूला एक नाव दिलं आणि लायब्ररी चालू आहे तोवर ते सोडायचं नाही असं ठरवलं. दोनशे वाक्यं दिली. दोनशे वाचली. हजार दिली. आम्ही दोघं हजार वाक्यं संपेपर्यंत ऐकत बसलो. काका अधूनमधून बोटानं ताल धरत होते.

मला काय झालं कोण जाणे. म्हणालो, "काका, माझी पदवी झालेली नाही. दुसऱ्या वर्षी नापास झालो. तुम्ही इतक्यांदा विचारलंत आणि मी प्रत्येक वेळी खोटं बोललो." मग पेपरचंही सांगितलं, १९ तारीख, अकरा वाजता. मंगळवारीच इंजिनिअर येतोय तेही.

काका टेबलावर काहीतरी खरडत होते. लक्ष आहे की नाही कळेना. मग म्हणाले, "लाज वाटते?"

"वाटते."

"मलाही बऱ्याच गोष्टींची वाटते." एवढं म्हणून हसले. "मी कोणाला सांगणार नाही. आणि पुन्हा तुला विचारणारही नाही."

शुक्रवार, १५ मार्च

विचारलं नाही. शब्दाचा पक्का माणूस.

सोमवार, १८ मार्च

मॅडमनी उद्याचं सांगितलं. "प्रश्नांची उत्तरं तुम्ही द्यायची. सरांना विचारलं तरी तुम्हीच द्यायची. 'सर म्हणतात त्याप्रमाणे' अशी सुरुवात करायची. ते काही भलतं बोलले तर विषय बदलायचा." पाहुण्यांसमोर त्या वडलांना 'सर' म्हणतात, मलाही तेच सांगितलं. काकांचा स्वभाव तिरसट आहे, पाहुण्याला दुखावतील, अशी भीती असावी.

"उद्या तुम्ही नसलात तर मी काही करू शकणार नाही," त्या म्हणाल्या. अशा त्या कधी बोलत नाहीत.

पण माझं ठरलंय. उद्या सकाळी नऊला फोन करायचा. पोट. वहिनीनं दोन पेनं, ओळखपत्र आणि पट्टी एका पिशवीत घालून दाराला अडकवली आहे. इंजिनिअरसाठी मी बारा पानी टिपण लिहून टेबलावर ठेवलंय. त्यात सगळी उत्तरं आहेत. टिपण वाचायला पदवी लागत नाही.

मंगळवार, १९ मार्च

नऊला फोन केला. मी "मॅडम" म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "निघालात ना? लवकर या. सकाळपासून त्यांचं काही ठीक नाही." पोट माझं खरंच दुखायला लागलं, पण तोंडातून "निघालोच" आलं. पिशवी मात्र बरोबर घेतली. ऑफिसातून साडेदहाला टॅक्सीनं निघालो तरी कॉलेज गाठता येईल, असा हिशेब केला होता.

इंजिनिअर सव्वादहाला आला. सभ्य माणूस, माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. त्यानं आपल्या लॅपटॉपवर दुभाषी चालवला, वाट्टेल तसली वाक्यं दिली. सगळी वाचली. मग त्यानं काकांचा मूळ प्रोग्रॅम उघडला. "सर, इथं श्वासाचा हिशेब तुम्ही उलटा का केलात? फार सुंदर आहे हे, पण उलटा का?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या घरात डोकवावं तसं. मी म्हणालो, "सर म्हणतात त्याप्रमाणे," आणि उत्तर दिलं. इंजिनिअरनं मान डोलावली, पण त्याची नजर काकांवरच होती.

घड्याळात दहा पंचवीस. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होतो. तेवढ्यात काकांनी शर्टाच्या खिशातून छोट्या कार्डांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला. एकेक कार्ड वाचायला लागले, ओठ हलवत. एकावर थांबले. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कार्डाकडे.

"चष्मा. खिडकीजवळ बसतो. तू तोच ना?"

"हो, काका."

"मग इथं काय करतोयस? आज पेपर आहे तुझा. अकरा वाजता!"

आणि विश्वास बसावा म्हणून कार्ड माझ्यापुढे धरलं. त्यांचं बारीक, सरळ अक्षर: "शुद्धलेखन. चष्मा, खिडकी. चांगला मुलगा. कुठपर्यंत शिकला ते विचारायचं नाही, विचारून झालंय, त्याला लाज वाटते. कोणाला सांगायचं नाही. १९ ला ११ वाजता गणिताचा पेपर. पाठवायचा." ते कार्ड उचलल्यामुळे खालचं दिसत होतं. त्यावर एवढंच: "लायब्ररी मी लिहिली आहे. विचारलं तर हो म्हणायचं."

तेव्हा मला कळलं. कोठडी, जिना, कालच तर सांगितलं, मॅडमचं त्या ओळीवरचं बोट. सगळं एकदम. पंधरा दिवस मी त्यांचं आजारपण शब्दशः, तारीख-वेळ घालून लिहीत होतो आणि मला वाटत होतं, चौकशी माझी चाललीय.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे.

मी म्हणालो, "काका, पेपर उद्या आहे."

"इथं एकोणीस लिहिलंय."

"आज अठरा आहे."

काका मुलीकडे वळले. त्या म्हणाल्या, "हो बाबा. आज अठराच."

इंजिनिअरनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"मग ठीक," काका म्हणाले आणि कार्ड गठ्ठ्यात घालून रबर लावला.

इंजिनिअरनं पसंती दिली. साडेअकराला गेला. जाताना काकांच्या पाया पडल्यासारखं वाकून त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मग मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या प्रमाणपत्राचं कोणी विचारणार नाही. राहू द्या ते." आणि ऑफिसची किल्ली पुढे ठेवली. "ही आता तुमच्याकडेच असू द्या. पुढे काही अडलं तर त्या लोकांना तुमचाच नंबर दिलाय. दुसऱ्या कोणाला आता माहीत नाही आत काय आहे."

मोठ्या मनाच्या आहेत. कार्डावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंही नव्हतं, तरी प्रमाणपत्राचं त्यांना आजच कसं सुचलं कोण जाणे.

मी काकांसाठी खोटं बोललो, असं लिहायला हात शिवशिवतोय. परक्यासमोर त्यांचं आजारपण उघडं पडू नये म्हणून. पण ही वही त्यासाठी नाही. काकांनी "पेपर" म्हटलं तेव्हा मला पहिली भीती वाटली ती माझी. त्यांचं कार्ड मी त्यानंतर वाचलं. दोन्हींत किती अंतर होतं? एक श्वास असेल. त्या श्वासात कोणतं खोटं कोणासाठी होतं, मला वेगळं करता येत नाही.

वहिनीनं दारातच विचारलं. "झाला," म्हणालो. तिनं पिशवी काढून घेतली, पट्टी पुसून जागेवर ठेवली. "बघा, सांगितलं नव्हतं?" म्हणाली आणि रडायला लागली. आनंदानं.

म्हणजे वहिनीला: पेपर दिला. खरं माहीत असलेलं घरात आता कोणी नाही.

बुधवार, २० मार्च

काका साडेदहाला माझ्या टेबलाशी उभे. हातात कार्ड. "चल, ऊठ. आज एकोणीस. पेपर."

मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आत गेल्या.

काकांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं. स्वतःचं पेन माझ्या खिशाला लावलं. "प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचायची. येतो तो प्रश्न आधी. आणि घाई नाही, तीन तास असतात."

तीन तास होते. ऑफिसात परतता येईना, घरी जाता येईना. बस थांब्यावरच्या बाकावर बसलो. प्रत्येक बस थांबायची, ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. एक बस कॉलेजकडे जाणारी होती, तीसुद्धा तीनदा आली. बरोबर दोन वाजता उठलो. पेपर दोनला संपतो.

काका वाट बघत होते. "कसा गेला?"

"बरा गेला, काका."

"अवघड कुठला होता?"

काहीतरी सांगायलाच हवं होतं. पुस्तकात मला कधीच न सुटलेला होता तो सांगितला. तीन पेट्या, प्रत्येकीत लाल आणि पांढरे चेंडू वेगवेगळे. डोळे मिटून एका पेटीतून चेंडू काढला, तो लाल निघाला. तर तो दुसऱ्या पेटीतला असण्याची शक्यता किती?

"अरे, छान आहे की," काका म्हणाले. कोरा कागद ओढला. काल त्यांना स्वतःचा प्रोग्रॅम ओळखता येत नव्हता. आता पेन एकदाही अडलं नाही. "चेंडू हातात आलाय ना? मग सगळ्या पेट्या कशाला मोजतोस? लाल निघण्याचे रस्ते तेवढे मोज. हा एक, हा दुसरा, हा तिसरा. आता त्यातला मधला रस्ता भागिले सगळे." प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक. शेवटी उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"असंच केलंस ना?"

"असंच केलं, काका."

"मग झालं तर," म्हणाले आणि खुश होऊन पाणी प्यायला गेले.

कागद घडी करून या वहीत ठेवला आहे. घरी येऊन तो न बघता सोडवून पाहिला. आता तो प्रश्न मला येतो.